तंजावरची कुरवंजी आणि जपानी साहसखेळ

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे एक मराठी नाटक रचले आहे. कुरवंजी म्हणजे डोंगरदऱ्यांतून भटकत येणारी, हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री. तमिळ नाट्यपरंपरेतील हे पात्र राजांनी मराठीत आणले आणि जगाचा भूगोल पदांच्या रूपाने वदविला. देशांची नावे नुसती पाठ करावयास न लावता त्यांनी तो भूगोल नाटकात गुंफला, ही त्यांची योजकता.

आजची मुले पडद्यावर जे जपानी साहसखेळ खेळतात, त्यांची मांडणी याच जातीची आहे. या खेळांचे आम्ही चाहते आहोत, हे प्रथमच सांगितलेले बरे. १९८६ साली जपानात असे दोन खेळ निघाले. शिगेरू मियामोतो यांच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये राने, गुहा आणि भुयारे धुंडाळावी लागतात, बालपणी क्योतोनजीकच्या डोंगरांत केलेल्या भटकंतीची आठवण त्यामागे आहे. युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळणारा एका वीराची भूमिका घेतो. पुढची वाट त्याला आयती मिळत नाही. गावोगाव थांबून माणसांशी बोलावे लागते. कोणी किल्ली कोठे मिळेल ते सांगतो, कोणी धोक्याची सूचना देतो. जो ऐकत नाही, तो अडतो.

त्यातील एक नियम आम्हांस फार आवडतो. वीर लढाईत पडला, तर त्याची निम्मी सुवर्णनाणी जातात आणि तो राजासमोर परत येतो. मात्र मिळविलेला अनुभव तसाच राहतो. परीक्षेत अपयश आलेल्या मुलास वडीलधाऱ्यांनी याहून वेगळे काय सांगावे?

या खेळांत दोषही आहेत. त्याच त्या राक्षसांशी शंभरदा लढून बळ वाढविणे कंटाळवाणे होते. भ्रमणध्वनीवरील काही खेळांत तर पैसे भरून, सोडतीच्या पद्धतीने पात्रे मिळवावी लागतात. या सोडतीचा एक विशेष घातक प्रकार जपानच्या ग्राहक-व्यवहार खात्याने २०१२ साली बेकायदा ठरविला. तेव्हा मूल खेळते की नाही, एवढे विचारून भागणार नाही. ते काय खेळते, हे शेजारी बसून पाहावे.

आमची खरी खंत निराळी आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मराठीत खेळता येत नाही. गावकऱ्यांचे बोलणे मुलास बहुधा इंग्रजीत वाचावे लागते. ज्यास ते उमगत नाही, तो संवाद गाळून केवळ लढाया खेळतो, आणि या खेळांतील सर्वांत मोलाचा भाग त्याच्या हातून निसटतो. १८०६ साली तंजावरच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, परक्या कथांना मराठी रूप देण्याचे कार्य दोन शतकांपूर्वी होऊ शकले; मग आज ते अशक्य का मानावे? भाषांतरकारांनी या क्षेत्राकडे अवश्य वळावे. तोवर पालकांनी निदान सायंकाळी अर्धा तास मुलाजवळ बसावे आणि त्या गावकऱ्यांचे म्हणणे त्यास आपल्या मराठीत समजावून द्यावे.