बेळगावने घालविलेला कारखाना

बेळगावच्या बाजारपेठेतील एका रस्त्यास किर्लोस्कर रोड असे नाव आहे. त्या रस्त्यावरून आम्ही सीमावासी नित्य ये-जा करतो. हे नाव कोणाचे, असे एखाद्या शाळकरी मुलास विचारले तर तो किर्लोस्करवाडीचा उल्लेख करील. परंतु ती वाडी बेळगावात का वसली नाही, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्यांस देता येईल. आज आम्ही सीमाबांधवांचे लक्ष त्याच प्रश्नाकडे वेधू इच्छितो. कारण तो केवळ इतिहासाचा प्रश्न नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकार व्हावयाचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असे ध्यानी येताच ते यंत्रांच्या रेखांकनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीस रामराम ठोकला. १८८८ साली बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सुरू झालेले सायकलींचे दुकान हेच ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचे मूळ होय. दुकानामागून कारखाना आला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. तरी हे बंधू हटले नाहीत.

आणि मग त्यांना बेळगाव सोडावे लागले. ठळकवाडीच्या ज्या जागेवर कारखाना उभा होता ती जागा नगरपालिकेस नव्या वसाहतीसाठी हवी होती. ज्याने गावात भट्टी पेटविली, त्याला गावाने जागा रिकामी करावयास सांगितले! अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे देवळाच्या सभामंडपाचे काम केले होते. माणसाची पारख झालेली होती. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि पैशाचीही मदत केली. १९१० साली, निवडुंग माजलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर मोजके कामगार आपली बायकामुले घेऊन उतरले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली, आणि बेळगावजवळ उरले ते एका रस्त्याचे नाव.

या घराण्याचा गौरव करताना त्यांच्या कारखान्यांची यादी वाचण्याची प्रथा आहे. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली खडकीस ऑईल इंजिनांचा कारखाना, त्याच साली बंगळूरला विजेच्या यंत्रांचा. आणि अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आलेल्या शंतनुरावांनी वडिलांचा व्याप देशभर नेला. हे सारे खरे आहे. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. या मंडळींनी आधी पैसा मिळवून मग दानधर्म केला, असे घडले नाही. त्यांची सेवा त्यांच्या धंद्याच्या पायातच होती. रामूअण्णांनी वाडीचे रस्ते, पाणी आणि स्वच्छता यांची व्यवस्था भट्टीइतक्याच काळजीने लावली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना गावाने उंबरठ्यावर उभे केले नसते. लक्ष्मणरावांनी त्यांनाच वाडीचे पहारेकरी नेमले. अस्पृश्यतेला वाडीत थारा दिला नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊ केल्या आणि त्या वितळवून नांगर घडले. मालाचे गिऱ्हाईक गरीब शेतकरी होते. त्याचे शेत पिकले तरच कारखाना चालणार होता. सेवा आणि स्वार्थ यांची अशी गाठ पडली की ती सहसा सुटत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले ते कारखान्याची खबर लोकांस कळावी म्हणून. पाहता पाहता त्याचे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले. विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे सावरकरांचे निबंध त्यातून महाराष्ट्राने वाचले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. ज्या काळी बाईने वर्तमानपत्र हाती धरणे हाच चर्चेचा विषय होता, त्या काळी बाईच्या प्रश्नांसाठी एक स्वतंत्र मासिक नांगराच्या कारखान्याच्या आवारातून निघत असे! मराठीच्या रक्षणाविषयी सभेत ठराव करणारे त्याही काळी पुष्कळ होते. पण छापखान्याचा, कागदाचा आणि लेखकाच्या मानधनाचा खर्च जो उचलतो तो ठरावापेक्षा मोठे काम करतो, हे आम्ही केव्हा लक्षात घेणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे लिहिताना कन्नड भाषिकांविषयी आमच्या मनात तेढ नाही. गुर्लहोसूर कन्नड मुलखातले. हरिहर आणि बंगळूर कन्नड मुलखातलेच. तेथे किर्लोस्करांचे कारखाने उभे राहिले ते तेथील लोकांच्या सहकार्यावाचून नव्हे. शिवाय लक्ष्मणराव बेळगाव सोडून गेले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि राज्य इंग्रजांचे होते. तेव्हा हा दोष कोणा परक्याच्या माथी मारण्याची सोय आम्हांस नाही. हा कारखाना बेळगावने घालविला. आणि लक्ष्मणराव जातात म्हणून हे गाव हादरून गेले, असे आम्ही कोठे वाचलेले नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर रोजी, बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले. त्याच्याही आधीपासून आम्ही लढत आहोत. जानेवारी १९५६ चे हुतात्मे, १९६७ चा महाजन आयोगाचा अन्यायकारक अहवाल, १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातील बळी, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा सारा प्रवास आमच्या वाचकांस पाठ आहे. दर वर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो, दुकानाच्या फळ्या लागतात, फेरी निघते. २ नोव्हेंबरला फळ्या उघडतात आणि दुकानदाराचा मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आम्हांस सुख होत नाही. पण ते लिहिले पाहिजे. आमच्या मराठी शाळांतून बाहेर पडणारा हुशार मुलगा आज पुण्याची, कोल्हापूरची, मुंबईची वाट धरतो. त्याला आम्ही दोष देत नाही. सरकारी कचेरीत त्याच्या भाषेस जागा नाही आणि पोट तर भरावयाचे आहे. परंतु ज्या भूमीचे विलीनीकरण आम्ही मागतो त्या भूमीवर उद्या मराठी माणूसच उरला नाही, तर न्यायालयाचा निकाल कोणाच्या पदरात पडावयाचा? भूमी मागावयाची आणि माणसे घालवावयाची, हा कसला लढा?

उद्यमबागेत आज ओतशाळा आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने आहेत. त्यांतील कित्येकांचे मालक आमचे मराठी बांधव आहेत. चळवळीस ते वर्गणी देतात, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण आम्हांस त्यांच्याकडून वर्गणीहून अधिक हवे आहे. प्रत्येक कारखान्याने दर वर्षी मराठी शाळेतून निघालेली निदान दोन मुले हाताखाली घेऊन कसब शिकवावे, मग ती कोणत्याही जातीची असोत. व्यापाऱ्यांनी आपापल्या पेठेतील एका मराठी शाळेचा किंवा वाचनालयाचा भार कायमचा उचलावा. आणि ज्याला येथे धंदा काढावयाचा आहे त्या तरुणास जागा, जामीन आणि पहिले गिऱ्हाईक मिळवून देणे हे चळवळीच्या कार्यकर्त्यांनी आपलेच काम मानावे. मोर्च्यास शंभर माणसे जमविणाऱ्यास एका तरुणासाठी जामीन मिळविणे अवघड नाही.

लक्ष्मणरावांना औंधचा राजा भेटला. आज संस्थाने नाहीत आणि राजेही नाहीत. गावातल्या गुणी माणसाची पारख करून त्याला पायाखाली जमीन देण्याचे काम आता गावालाच करावे लागेल. १९१० साली बेळगावास ते साधले नाही. पुन्हा एखादा लक्ष्मणराव ठळकवाडीच्या एखाद्या गाळ्यात भट्टी पेटवून बसला असेल, तर त्याला निरोप देण्याची पाळी आमच्यावर येऊ नये.