भंगार आणि बोहारणीचा भाव

“काय भंगार गेम आहे!” असं तुम्ही सहज म्हणता. मुंबई-पुण्याची तुमची भावंडंही तसंच बोलतात. कंटाळवाणा सिनेमा भंगार, हळू चालणारा फोन भंगार, हरलेली टीम तर भंगारच. मराठी शिकताना हा शब्द तुम्ही फार लवकर उचललात. पण माझी त्याबद्दल तक्रार आहे. कचरा आपण फेकतो, भंगार मात्र विकतो. भंगारवाला ते तराजूवर तोलून, पैसे देऊन घेऊन जातो. ज्या वस्तूचं पहिलं काम संपलं आहे आणि पुढचं अजून ठरलेलं नाही, ती वस्तू म्हणजे भंगार.

अंतराळयानाचे गेम खेळणाऱ्यांना तरी हे लगेच पटायला हवं. २०१४ साली आलेला ‘एलिट डेंजरस’ घ्या. त्यात तुम्हाला एक यान मिळतं आणि समोर अख्खी आकाशगंगा असते. पण यानानं लांब उडी मारावी असं वाटत असेल, तर नुसते पैसे असून भागत नाही. त्याच्या उडीच्या इंजिनाला, म्हणजे फ्रेम शिफ्ट ड्राइव्हला, सुधारावं लागतं. सगळ्यात वरच्या पायरीच्या सुधारणेला आर्सेनिक लागतं, काही तयार रसायनं लागतात आणि दुसऱ्या यानांनी उडी मारल्यावर मागे राहिलेल्या खुणांची माहितीही लागते. मग तुम्ही ग्रहावर उतरून खडक फोडता, फुटलेल्या यानांचे तुकडे गोळा करता, तासन् तास स्कॅन करत बसता. बाहेरून आईचा आवाज येतो, “अजून तेच चाललंय का रे?”

हो, तेच चाललेलं असतं. आणि माझ्या मते गेमचा हाच भाग सगळ्यात चांगला आहे. लढाई काय, कुठल्याही गेममध्ये असते.

या गेममध्ये एक व्यापारी आहे. तुमच्याकडे हलका माल जास्त असेल, तर तो घेऊन वरच्या दर्जाचा माल देतो. पण भाव कसा? खालच्या दर्जाचे सहा नग द्या, तेव्हा एका पायरीनं वरचा एक नग मिळणार. उलट वरचा एक दिला तर खालचे फक्त तीन. तुम्हाला हा अन्याय वाटतो ना? तुमच्या आजीला विचारा, तिला हा भाव चांगला ठाऊक असेल. तिच्या दारात बोहारीण यायची. बोहारीण म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बाई. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला कपड्यांचं गाठोडं. आजी चार साड्या पुढे करायची, बोहारीण एक लहानसं पातेलं दाखवायची. “एवढ्या साड्यांवर एवढंसं पातेलं?” मग अर्धा तास घासाघीस. शेवटी एक पँट वाढवून आजी मोठं पातेलं घ्यायची, आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटायचं. गेममधल्या व्यापाऱ्याशी घासाघीस करता येत नाही. ही त्याची मोठी उणीव आहे.

बोहारणीकडे काय द्यायचं नाही, हेही आजीला माहीत असायचं. मऊ झालेल्या सुती साड्या ती बाजूला ठेवायची, कारण त्यांची गोधडी होते. म्हणजे गोळा करण्याआधी पुढचं काम डोक्यात हवं. गेमसुद्धा हेच सांगतो. साध्यातला साधा माल तुम्ही ३०० नगांपर्यंत ठेवू शकता, सगळ्यात दुर्मीळ माल १०० पर्यंतच. त्यामुळे दिसेल ते उचलणाऱ्याचे कप्पे लवकर भरतात आणि तरी हवं ते सापडत नाही. आधी यादी करा, मग निघा. (काही खेळाडू एकाच जागी माल उचलतात, गेममधून बाहेर पडतात आणि पुन्हा आत येतात. माल परत हजर! मला हा प्रकार अजिबात आवडत नाही.)

पण एका बाबतीत हा गेम आपल्याला फसवतो. यान फुटलं की त्याचे तुकडे आपोआप सुटे होऊन तरंगतात. तुम्ही फक्त छोटे ड्रोन सोडायचे, ते माल आणून देतात. खरं जहाज असं सुटत नाही.

भारताची पहिली विमानवाहू नौका होती ‘आयएनएस विक्रांत’. ती १९६१ साली नौदलात आली, १९७१च्या युद्धात लढली आणि १९९७ साली निवृत्त झाली. मग मुंबईत बरीच वर्षं तिच्यावर संग्रहालय होतं. ते चालवणं परवडेना, तेव्हा तिचा लिलाव झाला आणि २०१४च्या शेवटी मुंबईतल्या दारूखान्यात तिला तोडायला सुरुवात झाली. (या दारूखान्यात दारू पीत नाहीत. तोफांची दारू ठेवायची ती जागा.) जहाज तोडणं म्हणजे माणसांनी गॅस कटर हातात घेऊन पोलाद कापणं. टाकीत तेलाची वाफ उरली असेल तर ठिणगीनं स्फोट होतो. जुन्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते. विक्रांतचं काही पोलाद पुण्याच्या बजाज ऑटोनं घेतलं आणि २०१६ साली ‘बजाज व्ही’ ही मोटारसायकल आणली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत त्या पोलादाचा अंश होता. जाहिरातीत युद्धनौका होती, अभिमान होता. कटर धरणारा माणूस लोकांच्या लक्षात राहिला नाही.

म्हणून मला ‘हार्डस्पेस: शिपब्रेकर’ हा २०२२चा गेम जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात तुम्ही जहाज तोडणारे कामगार असता. आतली हवा आधी सोडली नाही, इंधनाची नळी रिकामी केली नाही, तर मरता. शिवाय सुरुवातीलाच कंपनीचं १०० कोटींहून जास्त कर्ज डोक्यावर असतं. खऱ्या जगातही नियम हळूहळू येत आहेत. जहाजात कुठे काय धोकादायक आहे, याची यादी जहाजाबरोबरच ठेवायला सांगणारा हाँगकाँग करार २००९ साली झाला. तो लागू व्हायला २६ जून २०२५ उजाडलं. सोळा वर्षं!

तुम्ही दोह्यात राहता, तर तुमच्या जवळच याची दुसरी बाजू आहे. मेट्रोच्या गोल्ड लाइननं शेवटच्या रास बू अब्बूद स्टेशनवर उतरा. समोर स्टेडियम ९७४ दिसेल. ९७४ हा कतारचा फोनचा कोड, आणि तेवढेच मालवाहू कंटेनर वापरून हे स्टेडियम बांधलं. जिने, टॉयलेट, खाण्याची दुकानं, सगळं कंटेनरमध्ये. २०२२च्या वर्ल्ड कपचे सात सामने इथे झाले. विक्रांत बांधताना ती कशी तोडायची याचा विचार कुणी केला नव्हता. इथे तो पहिल्या दिवसापासून होता. सुटं करायचं आणि दुसरीकडे जोडायचं.

कल्पना मला फार आवडते, पण मी अजून टाळ्या वाजवणार नाही. वर्ल्ड कप संपून दोन वर्षं झाली तरी, २०२४च्या डिसेंबरमध्ये, तिथेच सामने होत होते. चालू स्टेडियम वापरणं वाईट नाहीच. फक्त जे ‘सुटं करता येतं’ ते खरंच सुटं करून दुसऱ्या गावात उभं राहिलं, तरच त्या जादा मेहनतीचा हिशेब लागतो. तोवर तो सुंदर बेत आहे. तिथे गेलात तर खेळाडूंच्या फोटोंआधी कंटेनर जिथे एकमेकांना जोडले आहेत ते कोपरे बघा. कुठला भाग आधी काढावा लागेल, हे गेम खेळणाऱ्याला इतरांपेक्षा लवकर कळेल.