विश्लेषण : डिमेन्शियात नवरा-बायकोतलं बोलणं का तुटतं?

हॉलीवूड अभिनेते ब्रूस विलिस यांना वेगळ्या घरात ठेवलंय, असं त्यांच्या पत्नी एमा हेमिंग विलिस यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत सांगितलं आणि समाजमाध्यमांवर निवाडे सुरू झाले. आजारी नवऱ्याला दूर केलं, असा सूर लागला. प्रत्यक्षात ते बैठं घर जवळच आहे, तिथे पूर्णवेळ काळजीवाहक आहेत. एमा आणि दोन्ही मुली तिथे नाश्त्याला, जेवणाला जातात. लहान मुलींच्या गरजा लक्षात घेऊन हा अतिशय अवघड निर्णय घेतल्याचं एमा म्हणाल्या. पण या जोडप्यातलं अंतर दुसरं घर घेण्याच्या बरंच आधी पडू लागलं होतं.

विलिस यांना नेमकं काय झालंय?

मार्च २०२२ मध्ये कुटुंबानं त्यांना अफेजिया, म्हणजे भाषेवरची पकड सुटण्याचा विकार, झाल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिक नेमकं निदान समोर आलं : फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरभोळेपणा आठवतो. अल्झायमरमध्ये बहुधा ताज्या आठवणी आधी जातात, हे खरंच. पण या प्रकारात मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांना इजा होते. त्यामुळे आधी बिघडतं ते बोलणं आणि वागणं. स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असू शकते. आजार अनेकदा साठीच्या आतच सुरू होतो.

घरातल्यांना कळत कसं नाही?

विलिस लहानपणापासून अडखळत बोलत. त्यामुळे बोलण्यातला बदल एमा यांना आधी त्याचाच भाग वाटला. बोलके विलिस गप्प होऊ लागले, अलिप्त वाटू लागले, तेव्हाही आजाराचा संशय आला नाही. आपल्याकडेही ‘ह्यांचा स्वभावच तसा’, ‘हल्ली माझं ऐकूनच घेत नाही’ यातच दोन-तीन वर्षं निघून जाऊ शकतात. आजार भांडणाच्या खात्यात जमा होतो.

शिवाय जुना संसार अर्ध्या वाक्यांवर चालतो. ‘ते आणलंत का?’ यातलं ‘ते’ काय, हे दोघांनाच ठाऊक असतं. डिमेन्शियात हाच सांकेतिक व्यवहार कोलमडतो. जोडीदार नकळत सावरून घेतो : वाक्यं पूर्ण करतो, फोन घेतो, बँकेचं बघतो. मग परदेशातल्या मुलाला रविवारच्या दहा मिनिटांच्या व्हिडीओ कॉलवर ‘बाबा तर ठणठणीत आहेत’ असंच दिसतं. आई सांगते ते त्याला अतिशयोक्ती वाटते.

मग बोलायचं कसं?

‘मघाशीच सांगितलं ना!’ याचा उपयोग नसतो; ते सांगणं मेंदूत नोंदलंच गेलेलं नसतं. रागाचा आवाज मात्र पोचतो, कारण शब्द निसटले तरी सूर आणि चेहरा पुष्कळ काळ कळत राहतो. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट विचारावी. ‘काय खाणार?’ऐवजी ‘पोहे की उपमा?’ बरं पडतं. ‘ते’ न म्हणता वस्तूचं नाव घ्यावं आणि उत्तराला वेळ द्यावा. पाहुण्यांसमोर ‘ओळखलंत का मला?’ ही परीक्षा तर नकोच. कानाची तपासणीही करून घ्यावी. ऐकू न येण्याची भर पडली की गोंधळ वाढतो.

एवढं करूनही एक वेळ अशी येते की उत्तर येत नाही. माणूस समोर असतो, पण ज्याला दिवसभराचं सांगायचं तो नसतो. अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला ‘अ‍ॅम्बिग्युअस लॉस’ म्हटलंय. त्याला ना तेरावा असतो, ना भेटायला येणारी माणसं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते. बदल जाणवला तर न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. काही वेळा थायरॉइड, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्यामुळेही अशी लक्षणं दिसतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. काळजी घेणाऱ्याला स्वतःला बोलायचं असेल, तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६.