मुक्काम पोस्ट स्नायू

जुन्नरहून नाणेघाटात कधी गेला असाल, तर घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण तुम्ही पाहिलाच असेल. सातवाहनांच्या काळी घाटातून जाणाऱ्या मालाची जकात त्यात टाकीत, असे आमच्याकडे सांगतात. माल कोणाचा का असेना आणि कुठे का जाईना, या नाक्यावरून सुटका नाही. आपल्या शरीरातही असाच एक नाका आहे. त्याचे नाव यकृत. मराठीच्या अध्यापकाने यकृतावर बोलावे हे जरा विचित्रच. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वैद्यकात जी एक नवलाची विद्या उदयाला आली आहे, तिची गाडी या नाक्यापर्यंत सुरेख येते आणि पुढे अडते. त्या अडलेल्या गाडीकडे आमच्या आंबेगाव तालुक्यातला एक शाळामास्तर डोळे लावून बसला आहे. म्हणून हा उपद्व्याप.

आधी विद्या कोणती ते सांगतो. आपल्या पेशीच्या गाभाऱ्यात जनुकांची एक जंगी पोथी असते. ती मूळ पोथी कोणी बाहेर नेत नाही. हवे ते पान उतरवून घेतात आणि ती नक्कल बाहेर धाडतात. या नकलेचे नाव आरएनए. नकलेबरहुकूम पेशीच्या कारखान्यात प्रथिने तयार होतात. आता एखादे पानच खोडसाळ असेल, तर पोथीला हात न लावता नुसती त्याची नक्कल फाडून टाकता येईल काय?

येते, हे माणसाला प्रथम एका फुलाने शिकवले. १९९० साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी पेटुनियाचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंगाचे जनुक झाडात आणखी एकदा घातले. फुले उमलली ती कुठे पांढरी, तर कुठे पांढऱ्या पट्ट्यांची! घरात दुसरा गवई आणावा आणि दोघेही गप्प बसावेत, तसे झाले. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून त्यातले इंगित उलगडले. आरएनएचा दुपदरी तुकडा पेशीत शिरला, की पेशी त्यातला एक पदर नमुना म्हणून हाती धरते आणि त्याच्याशी जुळणारी प्रत्येक नक्कल कापून काढते. २००६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधासाठी असा तुकडा एकवीस-बावीस अक्षरांचा पुरतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधातले एक वाक्यही याहून लांब असते.

लिहिणे सोपे, पोहोचवणे कठीण. हा तुकडा उघडाच रक्तात सोडला, तर रक्तातले पाचक रस त्याचा फडशा पाडतात आणि उरलेला मूत्रपिंडे काही मिनिटांत गाळून टाकतात. त्यातून पेशीच्या दाराशी पोहोचला, तरी तुकड्यावर ऋण विद्युत्भार आणि दारावरही तोच. दार उघडणार कसे? २०१० साली रोशसारख्या बड्या कंपनीने कंटाळून या विद्येचा नादच सोडला. पाकीट नाही, पत्ता नाही, अशा पत्राचे टपालवाल्याने तरी काय करावे!

पहिले पाकीट मिळाले ते स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म थेंबाचे. मौज अशी की त्यावर पत्ता शास्त्रज्ञांनी लिहिलाच नाही. रक्तातले एक प्रथिन आपण होऊन त्या थेंबाला चिकटते आणि यकृत त्याला आपला माल समजून आत घेते. या युक्तीवर बेतलेले पॅटिसिरान हे पहिले औषध ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मज्जातंतूंचा नाश करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावर ते चालते. किंमत मात्र वर्षाला साडेचार लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे तीन कोटी रुपये! हे ऐकून आमच्या घरात चहाचा कप हातातच राहिला.

दुसरी युक्ती अधिक नामी. १९६०च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅशवेल आणि मोरेल हे दोघे संशोधक रक्तातल्या एका प्रथिनावर काम करीत होते. त्या प्रथिनावरच्या साखरेच्या साखळीचे टोक छाटले, तर ते काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होऊन यकृतात सापडे. यकृताच्या पेशींवर एका विशिष्ट शर्करेला धरणारे हात असतात, एकेका पेशीवर लाखांनी, असे पुढे दिसून आले. चाळीस-पन्नास वर्षांनी कोणाला तरी सुचले, की औषधाच्या तुकड्याला त्या शर्करेचे तीन दाणे बांधावेत. बस्स, पाकिटाचीही गरज उरली नाही. साधे कातडीखालचे इंजेक्शन पुरले. कोलेस्टेरॉल उतरवणारे इन्क्लिसिरान हे याच जातीचे. पहिल्या दोन मात्रा तीन महिन्यांच्या अंतराने, आणि मग सहा महिन्यांनी एकेक. वाईट कोलेस्टेरॉल निम्म्याने उतरते. इतके दिवस कसे टिकते, म्हणाल तर पेशी आलेला माल आधी एका थैलीत कोंडून ठेवते. त्यातला शंभरात एक भागसुद्धा बाहेर निसटत नाही. पण उरलेला तुकडा रासायनिक डागडुजीमुळे कुजत नाही आणि हळूहळू झिरपत राहतो. कंजूष माणसाच्या घरची फराळाची डबी, दुसरे काय!

आता आमच्या मास्तरांची गोष्ट. हा माझा जुना विद्यार्थी, घोडेगावच्या बाजूला शिकवतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या ध्यानात आले, की फळ्यावर लिहून झाल्यावर खडू बोटांतून सुटत नाही. थंडीत तर अधिकच. मूठ मिटते, पण उलगडायला वेळ लागतो. मुले हसत. पुष्कळ हेलपाट्यांनंतर निदान झाले: मायोटोनिक डिस्ट्रॉफी. यात एका जनुकातली तीन अक्षरे, अडखळणाऱ्या माणसाने तोच शब्द उच्चारावा तशी, शेकडो वेळा उमटतात. त्या जनुकाची लांबलचक नक्कल गाभाऱ्यातच साचते, पेशीची दुसरी कामाची प्रथिने धरून ठेवते आणि स्नायू दुबळे होत जातात. प्रत्येक अपत्याला हा वारसा मिळण्याचा संभव निम्मा, आणि पुढच्या पिढीत तो बहुधा लवकर व अधिक जोराने दिसतो. त्याला सात वर्षांची मुलगी आहे.

त्याच्या मेहुण्याने पुण्यात कोलेस्टेरॉलचे ते सहामाही इंजेक्शन घेतले, आणि हा माझ्याकडे आला. “सर, नक्कलच फाडायची ना? मग माझी का फाडत नाहीत?”

प्रश्न बिनतोड होता. नक्कल फाडणारा तुकडा लिहिता येतो. अडचण आहे ती पत्त्याची. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना खिडक्या असतात. स्नायूंकडच्या वाहिन्या कडेकोट बंद. शर्करेचे ते हातही स्नायूंवर नाहीत. शिवाय स्नायू म्हणजे एखादा अवयव थोडाच, डोक्यापासून तळपायापर्यंत सारा देह! यावर शास्त्रज्ञांनी लोहाची वाट शोधली आहे. स्नायूंना लोह लागते आणि ते आत घेण्यासाठी त्यांच्या पेशींवर एक दार असते. त्या दाराला अचूक धरणाऱ्या प्रतिपिंडाच्या पाठीवर औषधाचा तुकडा बांधून पाठवतात. २०२२ साली एका रोग्याला गंभीर त्रास झाल्यामुळे या चाचणीवर अंशतः बंधन आले होते. २०२४ मध्ये ते पूर्णपणे उठले आणि त्याच वर्षी शेवटच्या टप्प्याची चाचणीही सुरू झाली.

हे सारे मी त्याला सांगितले आणि जपूनच सांगितले. वर्तमानपत्री मथळे माणसाला आशेला लावतात आणि मग फिरकतही नाहीत, याचा मला राग आहे. चाचणीतले औषध म्हणजे दुकानातले औषध नव्हे, आणि पॅटिसिरानची किंमत त्यानेही ऐकली होती.

“मग तोवर काय करू?” त्याने विचारले.

तोवर करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते फारसे महागही नाही. या रोगात हृदयाचे ठोके नियंत्रित करणारी वाट बिघडू शकते, तेव्हा दरवर्षी ईसीजी काढायचाच. शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना रोगाचे नाव आधी सांगायचे. काही औषधे अशा रोग्यांना जड जातात. हे मी त्याला एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि ती पाकिटात ठेवायला लावली.

मुलीच्या तपासणीचे मात्र त्याने स्वतःहून काढले नाही. निघताना दारात उभा राहून तो म्हणाला, “सर, तिला पेन्सिल नीट सोडता येते. मी रोज बघतो.” पुढच्या महिन्यात पुण्याला आनुवंशिक रोगांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्याची बायको आणि मी, दोघेही बरोबर जाणार आहोत.