आधी पाणी, मग जाळ

जावयाशी वाद घालू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला माहीत नाही. पण आमच्या खामगावात ते शास्त्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. जावई म्हणाला, सूर्य पश्चिमेला उगवतो, तर सासऱ्याने मुकाट्याने पश्चिमेची खिडकी उघडावी आणि सासूने तिथं चहा नेऊन ठेवावा. गेल्या दिवाळीत आमचे जावईबापू पुण्याहून आले, चार दिवस राहिले, आणि जाताना एक वाक्य मागे ठेवून गेले. ते मला अजून पचलेलं नाही. तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून हा लेख.

वाक्य माझ्या नातवाला उद्देशून होतं. "पैसे टाकल्याशिवाय इथं काही होत नाही रे!"

'इथं' म्हणजे मोबाइलमधल्या एका खेळात. पण नातवाचा बाप, म्हणजे माझा मुलगा, समोरच फराळाला बसला होता. तो कोरडवाहू शेती करतो, कापूस आणि सोयाबीन. त्याने मान खाली घातली आणि हातातल्या करंजीचे उगाचच चार तुकडे केले. वाक्य कुणाला लागलं, हे सांगायला ज्योतिषी नको.

खेळाचं नाव गेनशिन इम्पॅक्ट. तो २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर सुरू झाला आणि मुलाच्या जुन्या मोबाइलवाटे यथावकाश आमच्या घरात शिरला. आता तुम्ही म्हणाल, पेन्शनीत निघालेल्या माणसाला या पोरखेळात काय रस? अहो, मला तरी कुठं होता! फोन तापतो म्हणून नातू कूलरसमोर खेळायला बसे आणि कूलरसमोरची जागा माझी होती. उठवून उठेना, तेव्हा मी शेजारी बसलो. बसलो तो बसलोच.

आपल्याकडे महाभूतं पाच. या खेळात सात आहेत. आकाश वगळलंय, अग्नी, पाणी, वारा आणि दगडधोंडा आहेत, शिवाय वीज, बर्फ आणि झाडपाला. झाडपाल्याची विद्या २०२२ च्या ऑगस्टात आली. प्रत्येक पात्राकडे यातलं एकेक भूत असतं. चौघांची टोळी करायची आणि राक्षसाला झोडपायचं. नुसतं झोडपलं तर तो हसतो. त्याला एका भुताने भिजवून वर दुसरं सोडलं, म्हणजे दोन्हींची जी झटापट होते तिच्यात खरा मार असतो.

आणि इथंच क्रम येतो. राक्षस आधी पेटलेला असेल आणि वरून पाणी पडलं, तर त्या पाण्याचा मार दुप्पट. राक्षस आधी भिजलेला असेल आणि वरून जाळ पडला, तर त्या जाळाचा मार दीडपट. बर्फ आणि अग्नीचं उलट: गोठलेल्यावर जाळ टाकला तर दुप्पट, पेटलेल्यावर बर्फ टाकला तर दीडपट. तीच दोन भुतं, तीच दोन माणसं. फक्त कोण आधी आणि कोण मागून.

हे ऐकून आमची ही म्हणाली, "यात नवल ते काय? फोडणीत हळद आधी घालून बघा!" जिला हे चाळीस वर्षं ठाऊक आहे तिला मी चाळीस वर्षं 'तुला कळत नाही' म्हणत आलो, ही गोष्ट वेगळी. शाळेतही मास्तरांनी बजावलं होतं, की पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नको. आम्ही ते पाठ करून मार्क मिळवले आणि विसरून गेलो.

आता जावईबापूंकडे वळू. त्यांच्याकडे हू ताओ नावाची पंचतारांकित बाई आहे. बाई अंत्यविधीचं दुकान चालवते आणि अग्नी तिच्या हातात आहे, म्हणजे धंद्याला साजेसंच. तिचा स्वतःचा जीव निम्म्यावर आला की मार वाढतो. ही बाई सोडतीत निघावी लागते. पंचतारांकित काहीही निघण्याची शक्यता एका ओढीला शेकडा ०.६. नव्वद ओढींत एक नक्की निघतं, पण ते आपल्याला हवं तेच असेल असं नाही. अगदीच नशीब फुटकं असेल तर एकशेऐंशीपर्यंत जावं लागतं. जावईबापू गेले. पैसे त्यांचे, कमावते ते. माझी त्यावर तक्रार नाही.

माझी तक्रार आकड्यावर आहे. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून मेहकरमार्गे लोणारला गेलो. समोर अठराशे मीटर रुंदीचं विवर. आकाशातून दगड येऊन काळ्या बेसॉल्टच्या खडकात आपटला तेव्हा पडलेलं. अस्सल 'इम्पॅक्ट', आणि तोही आमच्या बुलढाणा जिल्ह्यात! जावईबापू त्याच्याकडे पाठ करून उभे, आणि नातवाला मोबाइलमध्ये स्वतःच्या इम्पॅक्टचा फोटो दाखवत होते. एका फटक्याचा सहा आकडी मार. तो फोटो त्यांनी पुण्यातल्या सगळ्या मित्रांना, दोन आत्यांना आणि मलाही पाठवला होता.

तो फटका कसा घेतला, हे मी आदल्या रात्री डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी बाईला बळ वाढवणारं जेवण दिलं. मग काढा पाजला. मग तिचा जीव मुद्दाम निम्म्याखाली आणला. मग राक्षस गपगार उभा राहण्याची वाट पाहिली. फटका बसला, आकडा कमी आला. पुन्हा पहिल्यापासून. असं चौदा वेळा. पंधराव्या वेळी फोटो निघाला. राक्षस त्यानंतरही जिवंत होता, ही गोष्ट फोटोत आली नाही.

मी जन्मभर सरकारी कचेरीत बेरजा केल्या. पगार मोजायचा तो महिन्याचा. लॉटरी लागली त्या एका दिवसाचा नव्हे. आणि माझा मुलगा तर पाऊस मोजणारा माणूस. मृगात शंभर मिलिमीटर एका रात्रीत कोसळला आणि पुढे महिनाभर तोंड दाखवलं नाही, तर त्या शंभराचा फोटो काढून भिंतीवर लावायचा काय? जोर म्हणजे एका क्षणाचा आकडा, ही समजूतच मुळात चुकीची आहे, आणि ती महागही आहे.

आमच्या नातवाची टोळी चारही चौतारांकित, म्हणजे गरिबाघरची. पहिली शियांगलिंग, ही स्वयंपाकीण. खेळातल्या मनोऱ्याचा तिसरा मजला पार केला की फुकट मिळते. दुसरा शिंगच्यू, व्यापाऱ्याचा पुस्तकवेडा पोरगा. आपण वार केला की तो पाण्याच्या तलवारी पाडतो. तिसरा बेनेट. हे पोरगं जन्माचं कमनशिबी, जिथं जाईल तिथं दरड कोसळते, त्यामुळं त्याच्याबरोबर कुणी जात नाही. पण तो जमिनीवर जे वर्तुळ आखतो, त्यात उभं राहणाऱ्याला बळही मिळतं आणि जखमाही भरतात. चौथी सुक्रोज, नावाप्रमाणे गोड, आणि वाऱ्याची मालकीण.

मी पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा उत्साहाने स्वयंपाकिणीचा जाळ आधी सोडला. दुप्पटीची हाव, दुसरं काय! वाटलं, आता मागून पाणी पडलं की राक्षसाची राख. नातवाने कपाळाला हात लावला. "आबा, काहून घाई करता? आधी पानी पडू द्या नं बाप्पा!"

त्याचं म्हणणं मला पटायला दोन दिवस लागले, कारण ते माझ्या बेरजेच्या विरुद्ध होतं. दुप्पट सोडून दीडपट कोण घेतो? पण दुप्पट मिळतो पाण्याच्या फटक्याला, आणि आमच्या टोळीत पाण्याचा फटका मुळात लहान. लहानाची दुप्पट ती केवढी! शिवाय दुप्पटवाली झटापट अंगावरचं आधीचं भूत भराभर खाऊन टाकते. दीडपटवाली मात्र पाणी जपून वापरते. थोडं खर्चते, थोडं मागे ठेवते, आणि उरलेल्या ओलीवर पुढचा जाळ पुन्हा दीडपट बसतो. बहुतेकांचे सगळेच वार भूत चिकटवत नाहीत. तिसरा वार किंवा अडीच सेकंदांची गाठ पडावी लागते. स्वयंपाकिणीच्या फिरत्या जाळाला ही अट नाही. प्रत्येक फेरा चिकटतो. म्हणून पाणी आधी हवं, सतत हवं, आणि जाळ त्याच्यावर.

मग उरलेला क्रम. शिंगच्यूचा पाऊस सुरू करायचा. बेनेटने वर्तुळ आखायचं. सुक्रोजने आपली विद्या चारचौघांत वाटायची आणि वाऱ्यात जाळ घुसळून राक्षसाची आग सोसण्याची ताकद खाली आणायची. योग्य संचातल्या चार वस्तू अंगावर असतील तर ती शेकडा चाळीसने उतरते. आणि सगळ्यांच्या शेवटी स्वयंपाकिणीने वर्तुळात उभं राहून जाळ सोडायचा. त्या क्षणी जे बळ मिळालं ते त्या जाळात शेवटपर्यंत टिकतं, नंतर वर्तुळ विझलं तरी. तीच बाई चार पावलं बाहेर उभी राहिली तर तेवढीच मेहनत फुकट. वीस सेकंदांत हा फेरा पुरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

जावईबापूंचा दुसरा सिद्धांत असा, की मारक शक्ती वाढवत न्या, बाकी आपोआप येतं. नाही येत. मार हा गुणाकार आहे: मारक शक्ती, नेमका घाव बसण्याची शक्यता, त्या घावाचा जोर, आणि भुतांवरचं प्रभुत्व. तारेचं कुंपण तेवढंच असेल तर शेत चौकोनी आखलेलं बरं. वीस बाय दोनचं शेत चाळीस चौरस, अकरा बाय अकराचं एकशेएकवीस. तार दोन्हींना सारखीच लागते. प्रभुत्वाचे पहिले शंभर गुण झटापटीच्या पटीत साडेअठरा टक्क्यांची भर घालतात, पुढचे शंभर सोळाच्या आसपास. म्हणजे जिथं कमी आहे तिथं घालावं. जावईबापूंनी वीस बाय दोनचं शेत संगमरवरी कुंपणाने घेतलं आहे.

झाडपाल्याची गोष्ट तर मुलाने कान देऊन ऐकली. झाडपाला आणि पाणी भेटले की जमिनीवर बिया पडतात. त्यांना विजेचा स्पर्श झाला की त्या उडून राक्षसाला शोधत जातात. त्या माराला वीज लावणाऱ्याची पातळी आणि प्रभुत्व एवढंच लागतं. हातातलं शस्त्र किती धारदार आहे, कुणी विचारत नाही. आमच्याकडे वीज लावायला कुकी शिनोबू नावाची चौतारांकित पोरगी आहे, ती ते काम करता करता जखमाही भरते. बिया मात्र एका वेळी पाचच राहतात, जास्त पेरल्या तर जुन्या आपोआप फुटतात. "म्हंजे दाट पेरून फायदा नाही," मुलगा म्हणाला. वर्षभरात या खेळावर तो बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी आंधळा नाही. हू ताओ बाई खरोखरच जबर आहे, आणि क्रम सांभाळला तर आमच्या स्वयंपाकिणीच्या पुढे जाईल. पण गंमत पाहा. तो सहा आकडी फटकाही ओल्या राक्षसावर मारलेला दीडपटीचाच होता! आणि राक्षस ओला कुणी केला होता? त्याच शिंगच्यूने, गरिबाघरच्या चौतारांकित पोराने. फोटोत बाई आहे, आकडा आहे. पोरगं नाही.

लोणारच्या काठावर मी हे बोलणार होतो. २०२० च्या जून महिन्यात तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले. तो रंग कुणी सोडतीत ओढून आणला नव्हता. पण हिने डोळे वटारले, म्हणून मी "वारा छान आहे" एवढंच म्हणालो.

मनोऱ्याच्या बाराव्या मजल्यावर तीन तारे हवे असतील, तर दोन टोळ्यांनी दोन्ही बाजूंचे राक्षस तीन मिनिटांत संपवावे लागतात. मागच्या महिन्यात, रविवारी दुपारी, कूलरसमोर फोन उशीवर टेकवून नातू बसला. मी सेकंद मोजत होतो. हिने गॅस बंद केला. मुलगा दारात उभा राहून, आपण पाहत नाही असं दाखवत होता. अकरा सेकंद शिल्लक राहिले.

त्याचा फोटो मी जावईबापूंना पाठवला. खाली फार काही लिहिलं नाही, जावई आहेत शेवटी. एवढंच विचारलं, "दिवाळीतल्या आपल्या त्या फटक्यात पाणी कुणाचं होतं?"

निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही.