धुराची परीक्षा होते, ब्रेकची कधी?

माझ्या गाडीच्या धुराची परीक्षा दर सहा महिन्यांनी होते. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची व्हॅन उभी असते. त्यातला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि छापील प्रमाणपत्र हातात ठेवतो. गाडी २००८ सालची वॅगन आर, म्हणजे भारत स्टेज तीनची, म्हणून सहामाही. त्यानंतरच्या गाड्यांना वार्षिक परीक्षा पुरते. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या गाडीचा धूर दुसऱ्याच्या नाकात जातो, तेव्हा सरकारने तो तपासावा हे योग्यच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. त्याच गाडीचे ब्रेक नीट लागतात की नाही हे पहिली पंधरा वर्षं कोणीही विचारत नाही!

कायदाच तसा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवायची आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. माझी वेळ २०२३ मध्ये आली. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं, ते भरलं. टॅक्सी-रिक्षावाल्यांचं मात्र तसं नाही. त्यांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, नव्या गाडीला दोन दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासायचे, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच माणसांच्या मधून जाणाऱ्या माझ्या गाडीचे नाही. बत्तीस वर्षं शिकवलं, पण पहिली परीक्षा पंधराव्या वर्षी घेणारी शाळा काही मी पाहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हिसिंग करतो की आम्ही! मीही करते. त्याच वर्षी गाडीतून गतिरोधकावर कुरकुर असा आवाज येऊ लागला आणि ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे सरकू लागली. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. गाडी धुऊनपुसून परत आली, कार्डावर 'ब्रेक' या शब्दापुढे बरोबरची खूण होती, आणि आवाज होता तसाच होता. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालायचंच."

हे 'एवढं चालायचंच' मला मान्य नाही. म्हणून गाडी घेऊन कन्नमवार नगरातल्या आमच्या मेकॅनिककडे गेले. हा गृहस्थ पूर्वी भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली गॅरेज टाकलं. तो माझा विद्यार्थी नाही, त्याची बायको माझी विद्यार्थिनी, म्हणून तोही मला 'बाई'च म्हणतो. त्याने आधी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, ती दोन-तीनदा झुलली. मग जॅक लावला, जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लोखंडी स्टँड ठेवले आणि चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड. टॉर्च मारून म्हणाला, "बाई, वाकून बघा." लोअर आर्मच्या बुशचं रबर भेगाळून लोंबत होतं. शॉकअपच्या अंगावर तेल पाझरून त्यावर धूळ बसली होती. ब्रेक पॅडवर, जिथे नवीन असताना साधारण दहा मिलिमीटर जाडीचं लायनिंग असतं, तिथे जेमतेम दोन उरलं होतं, तेही एका बाजूला जास्त झिजलेलं. मागचा ड्रम उघडला तर डाव्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळून लायनर ओला झालेला. आणि कार्डावर बरोबरची खूण!

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो सुशिक्षितांतही सर्रास आढळतो. शॉकअप म्हणजे आपल्या कमरेची सोय, अशी आपली समजूत असते. खड्ड्यात धक्का कमी बसावा म्हणून ते लावलेत, आणि थोडे गेले तर जरा हादरे बसतील, बिघडलं काय? पण हादरा झेलण्याचं काम मुख्यतः स्प्रिंगचं. दाबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. ती आवरली नाही तर चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी नाचत राहतं. आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. तेव्हा शॉकअप, बुश, बॉल जॉइंट ही सगळी ब्रेकचीच भावंडं आहेत. माझ्या गाडीला तर एबीएसही नाही.

दुसरा गैरसमज आम्हा म्हाताऱ्यांचा खास: "माझी गाडी फार चालतच नाही." भाजी, बँक, दवाखाना, कधीतरी मुलुंडला बहिणीकडे. वर्षाला तीन हजार किलोमीटर होत नाहीत. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. उन्हाने, तेलाने, नुसत्या वयाने ते कडक होतं आणि चिरतं. ब्रेकच्या होज पाइपचं तेच. ब्रेक ऑइल तर उभ्या गाडीतही हवेतला ओलावा शोषत असतं, आणि आमची विक्रोळी खाडीकाठची, इथे ओलाव्याला काय तोटा! नवं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पुरेसा ओलावा शिरला की तोच आकडा १४० च्या आसपास येतो. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ते तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पाय ठेवताच खाली जातं. कसारा घाटात हे कळून उपयोग नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायला काही शे रुपये लागतात. पावसाळ्यात गाडी आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवली तर लायनर गंजून ड्रमला चिकटतो, ही आणखी एक गंमत. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला वीट लावावी. पार्कसाइटच्या चढावर राहणाऱ्यांना मात्र हँडब्रेकवाचून गत्यंतर नाही, तेव्हा त्यांनी त्याची केबल आधी बघून घ्यावी.

काम दोन दिवस चाललं. दोन्ही लोअर आर्म, पुढचे दोन्ही शॉकअप, त्यांची वरची माउंटिंग, पॅड, मागचे लायनर, दोन्ही व्हील सिलिंडर, मागच्या रॉडचे बुश आणि सगळं ब्रेक ऑइल. एका बाजूचा भाग गेला तरी दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर गाडी पुन्हा एका अंगाला ओढते. डिस्कची जाडी त्याने मोजली, ती डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याच्या वर निघाली, म्हणून डिस्क तशाच ठेवल्या. विकायचंच असतं तर त्याही विकता आल्या असत्या! एक गोष्ट पाहून मला फार बरं वाटलं. लोअर आर्मचे बोल्ट त्याने गाडी वर असताना नुसते बसवले, आवळले नाहीत. गाडी खाली उतरवली, तिचं वजन चाकांवर येऊ दिलं आणि मग कसले. का म्हणून विचारलं. तर चाक लोंबकळत असताना बोल्ट कसला तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो, आणि गाडी खाली आल्यावर कायम पीळ बसून लवकर फाटतो. हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं नसतं. अलाइनमेंट करून आणली. बिल सतरा हजारांच्या आतबाहेर. जुने भाग मी मागून घेतले आणि घरी नेले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एवढ्या जुन्या गाडीवर सतरा हजार?" मी म्हटलं, नव्या गाडीचे दोन-तीन हप्ते झाले हे. (गुडघ्यांशी तुलना करायचा मोह होतो, पण गुडघे इतक्या स्वस्तात बदलून मिळत नाहीत.)

गाडी वयाने जुनी होते असं आपण मानतो. याचा सर्वांत मोठा पुरावा आणि सर्वांत मोठा प्रतिवाद, दोन्ही आमच्या शेजारच्या कुर्ल्याचे. प्रीमियर पद्मिनी तिथल्याच कारखान्यात तयार होत असे. मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंग जड. तरीही काळी-पिवळी होऊन तिने या शहरात वर्षानुवर्षं काढली. दरवर्षी फिटनेस, आणि झिजलेला प्रत्येक सुटा भाग कोपऱ्यावर बदलून मिळायचा, म्हणून. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गेली ती वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून, तपासणीत नापास झाली म्हणून नव्हे. टॅक्सीला वयाची अट असावी की नाही हा वेगळा विषय, धुराच्या बाजूने ती मला पटतेही. पण खासगी गाड्यांनाही नुसतं वय बघून मोडीत काढण्याची भाषा हल्ली ऐकू येते, तिला माझा विरोध आहे. बारा वर्षांची नीट राखलेली गाडी थांबेल. पाच वर्षांची, ओल्या लायनरची गाडी थांबणार नाही.

इतर देशांनी वय नव्हे, अवस्था तपासायची वाट केव्हाच धरली. इंग्लंडात १९६० पासून एमओटी नावाची परीक्षा आहे. सुरुवातीला ती दहा वर्षांच्या गाड्यांपुरती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग यांपुरती होती. १९६७ पासून तीन वर्षांच्या गाडीलाही ती लागू झाली, आणि दरवर्षी द्यावी लागते. ब्रेक रोलरवर तपासतात, खालून सस्पेन्शन बघतात. पास झाल्यावरही 'पॅड झिजत आलेत, लक्ष ठेवा' असा शेरा लिहून देतात. प्रगतिपुस्तकच म्हणा ना! जपानात आणि जर्मनीत नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी.

आपल्याकडे हे सुचवलं की लगेच उत्तर येतं, 'आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक चिरीमिरी.' भीती खोटी नाही. पण शाळेत कॉपी होते म्हणून परीक्षा रद्द करत नाहीत, पर्यवेक्षक वाढवतात. रोलरवरचा आकडा यंत्राने थेट संगणकात जाऊ द्या, माणसाचा हात कमी लागेल. दुसरा आक्षेप खर्चाचा. पाच वर्षांनी एकदा, मग दर दोन वर्षांनी अशी तपासणी ठेवली तरी सध्यापेक्षा कितीतरी बरं. सुरुवात फक्त ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांनी करा, सीट कव्हर आणि काचा राहू देत. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो म्हणून तो सार्वजनिक प्रश्न. मग शाळा सुटायच्या वेळी टागोर नगरच्या रस्त्यावर दप्तर सावरत मध्येच धावणारं पोर ज्या गाडीपुढे येतं, तिचा ब्रेक खासगी कसा?

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय 'इतर विषय' या सदरात मांडला. सेक्रेटरी म्हणाले, बाई, पाण्याच्या मोटारीचं आधी बघू. तरी गेल्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, एका रविवारी मेकॅनिकला बोलावलं. गाडीमागे दोनशे रुपये. अकरा गाड्या आल्या. सहा ठीक होत्या, तिघांचे बुश गेलेले, एकाचे पॅड पत्र्याला टेकलेले, आणि एका गाडीचं व्हील सिलिंडर गळत होतं. त्या गाडीत दिवाळीआधी नवी म्युझिक सिस्टिम बसली होती. तिचे मालक सोमवारी ऑफिसला लोकलने गेले.

मेकॅनिकची चिंता मात्र वेगळी आहे. कन्नमवार नगरच्या जुन्या चाळवजा इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, आणि टॉवरच्या फाटकासमोर ताडपत्री कोणाला चालत नाही. तो भांडुपला जागा शोधतोय. डिसेंबरपर्यंत मिळाली तर पुढच्या तपासणीला गाड्या तिकडे न्याव्या लागतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी ब्रेक ऑइल कधी बदललं ती तारीख शोधून ठेवा, तो सर्वांत आधी तेच विचारतो.