सर, त्यालाच विचारा

गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायला ताई असते. शेजारच्या अंगणवाडीत सेविकेच्या जोडीला मदतनीस असते. पण ज्या लेकराला एकट्याने लघवीला जाता येत नाही, चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही, घंटा वाजली की जे कान दाबून कोपऱ्यात शिरतं, त्याच्याजवळ दिवसभर थांबायला माणूस नसतो. मी ते काम करते. बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका गावात, एका संस्थेच्या मानधनावर. वर्ग साधाच आहे, सगळ्या मुलांचा. त्यातल्या तिघांना माझी गरज लागते.

हे काम म्हणजे लेकरं सांभाळणं, असा बहुतेकांचा समज असतो. पण दुपारची खिचडी भरवणंच घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आधी नीट बसवावं लागतं. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे. चमचा समोरून आणि खालून न्यायचा, म्हणजे तो मान वर करत नाही. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती असते. एक घास गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. बाकीची मुलं हात धुऊन मैदानात पळालेली असतात, तेव्हा आमची वाटी अर्ध्यावर असते. घरी माय त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजते आणि लेकरू ठसकतं. तिची माया कमी नाही. तिला हे कोणी शिकवलेलंच नाही.

स्वमग्न मुलाचं वेगळं. त्याला अचानक काही झालेलं सोसत नाही. घंटा व्हायच्या आधी मी त्याला चित्राचं कार्ड दाखवते: आता गणित, मग खिचडी, मग खेळ. पुढे काय होणार हे कळलं की तो शांत राहतो. प्रार्थनेला लाऊडस्पीकर लावला की त्याला रांगेच्या शेवटी, कर्ण्यापासून दूर उभं करायचं. एवढ्याने त्याचा पुढचा सगळा दिवस सुरळीत जातो.

लिहायला शिकवताना सुरुवातीला मुलाच्या हातावर माझा हात असतो. मग नुसता मनगटाला आधार, मग कोपराला, मग फक्त बोट दाखवणं. आधार असा पायरीपायरीने काढून घ्यावा लागतो. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि गप्प बसायचं. ज्याला उत्तर ओठावर आणायला वेळ लागतो, त्याचं उत्तर आपणच देऊन टाकलं की तो हळूहळू प्रयत्न करणंही सोडतो.

या कामात एक मोठा धोका आहे. मदतनीस आली की ते मूल तिचं होऊन जातं. गुरुजी वर्गाला शिकवतात आणि मदतनीस ‘त्या’ मुलाला बघते. आमच्याकडेही सर मला विचारायचे, ‘याला समजलं का हो, मॅडम?’ मी म्हणायची, ‘सर, त्यालाच विचारा.’ म्हणून मी मुलाच्या आणि फळ्याच्या मध्ये कधी बसत नाही. बाजूला, थोडी मागे बसते. एकदा गणिताच्या तासाला सरांनी थेट त्या तिघांपैकी एकाला विचारलं, ‘पाच आणि तीन?’ वर्ग थांबला. त्याने एकेक करत बोटं उघडली. आठ झाली. ‘बरोबर,’ असं म्हणून सर पुढच्या बाकाकडे वळले, जसे इतर कोणाच्याही उत्तरानंतर वळतात. ना टाळ्या, ना कौतुकाचं भाषण. त्या मुलाला शाळेकडून हेच हवं असतं.

आता प्रश्न असा, की जिथे मदतनीस नाही तिथे हे कोण करतं? आई करते, नाहीतर बहीण. मला एक माय म्हणाली होती, ‘बाई, मी कापूस वेचाले जाऊ, का याच्यासंगं शाळेत बसू?’ सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्याकडची घरं पहाटेच रिकामी होतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. शाळेत बसलेल्या आईची त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून मग लेकरू घरी राहतं, नाहीतर सहावीतल्या बहिणीला वर्गातून उठवून भावाला लघवीला न्यायला बोलावतात. हजेरीपटावर भाऊ ‘समावेशित’ असतो, पण त्याची किंमत बहीण आपल्या तासांनी मोजत असते. त्या तासांचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने पूर्वीच्या 7 प्रकारांच्या जागी 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याच कायद्याचं 16 वं कलम शाळेने मुलाला लागेल तो वैयक्तिक आधार द्यावा असं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक वर्गांसाठी 10 विद्यार्थ्यांमागे 1 आणि त्यापुढच्या वर्गांसाठी 15 विद्यार्थ्यांमागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. 2024 मध्ये राज्य सरकारने शाळा-समूहांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची 4,860 पदं निर्माण करायचं ठरवलं. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं.

पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. विशेष शिक्षक येतील, मुलाला तपासतील, काय करायचं ते ठरवून देतील, गुरुजींना सांगतील आणि दुसऱ्या गावाला जातील. उरलेल्या दिवसांत ते करायचं कोणी? समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्ता आहे, पण तो मुलाला शाळेत आणणाऱ्या-नेणाऱ्यासाठी. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्याच्याजवळ कोण, या प्रश्नाला गावच्या शाळेत उत्तर नाही.

विदर्भात सेवेची वाण नाही. शेगावला श्री गजानन महाराज संस्थान मतिमंद मुलांसाठी विद्यालय चालवतं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांपुढे हात आपोआप जोडले जातात. तरीही माझ्या वर्गातल्या मुलाला कोणा थोर माणसाची वाट बघत बसायला लावणं बरोबर नाही. त्याला त्याच्याच गावात, त्याच्याच भावंडांसोबत शिकायचं आहे, आणि तो त्याचा हक्क आहे. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला थोड्या दिवसांचं नीट प्रशिक्षण आणि दर महिन्याला वेळेवर मानधन दिलं, तर ती हे काम उत्तम करेल.

पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा राज्याचा नियम आहे. हा निधी पुष्कळदा वर्षाच्या शेवटी थोडा थोडा वाटून संपवला जातो. लहान गावाच्या निधीतून पूर्ण मानधन निघणार नाही, हे मला कळतं. पण दोन-तीन गावं एकत्र येऊ शकतात. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातही दिव्यांगांचा वाटा असतोच. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेला मदतनीस हवी असा ठराव ही समिती करू शकते. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला, तर निदान ही मागणी कागदावर येईल. आज ती कुठे लिहिलेलीच नाही.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. तुमच्या गावच्या शाळेत एकदा जा आणि पटावर दिव्यांग मुलं किती, त्यातली आज वर्गात किती, आणि त्यांच्याजवळ कोण बसलं आहे, हे तीन प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आई’, ‘बहीण’ किंवा ‘कोणी नाही’ असं मिळालं, तर येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि त्या 5 टक्क्यांचा हिशेब मागा.